हव म्हणाली तरी

गोंदियातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी इंग्रजी शिकवते आणि माझा आवाज मोठा आहे. या दोन गोष्टी एका दमात सांगते, कारण कित्येक वर्षं मला त्या एकच वाटत होत्या. शेजारच्या वर्गात गणित शिकवणारे सर अधूनमधून माझ्या दारात हात जोडून उभे राहतात. "मॅडम, थोडा धीरे. मेरे बच्चे भी आपकी अंग्रेजी लिख रहे हैं." मी हसते, पाच मिनिटं आवाज खाली घेते आणि मग पुन्हा आपल्या पट्टीत जाते.

त्या जुलैमध्ये अकरावीच्या धड्यात एक क्रियापद आलं होतं, एम्फसाइज. मी फळ्यावर अर्थ लिहिला: एखाद्या गोष्टीला विशेष महत्त्व देणे, बोलताना एखाद्या शब्दावर जोर देणे. वापर सांगितला. मराठीत आपण गोष्टीवर भर देतो, इंग्रजीत मात्र हे क्रियापद सरळ त्या गोष्टीलाच जाऊन भिडतं, मध्ये 'ऑन' घुसवायचा नाही, असं बजावलं. दरवर्षी बजावते, दरवर्षी अर्धा वर्ग 'ऑन' घालतो आणि दरवर्षी माझं डोकं फिरतं. मग उदाहरणासाठी एक साधं वाक्य घेतलं, "मी काल बाजारातून कांदे आणले नाहीत," आणि एकेकाला उभं करून वेगवेगळ्या शब्दावर जोर द्यायला लावला. 'मी'वर जोर दिला की दुसऱ्या कुणीतरी आणले, 'काल'वर दिला की परवा आणले, 'कांदे'वर दिला की बटाटे आणले. वर्गाला मजा वाटली. मलाही वाटली, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात मागच्या बाकावरची, आमगावकडून रोज येणारी एक मुलगी उठली. "मॅडम, सगळ्याच शब्दांवर जोर दिला तर?"

"मग ते भांडण झालं. खाली बस."

वर्ग हसला, ती बसली. उत्तर बरोबरच होतं, फक्त ते मला कळलेलं नव्हतं. तो शनिवार होता.

आई तेव्हा वर्षभरापासून माझ्याकडे, मुर्रीला राहत होती. वडील गेल्यावर गावात ती एकटी राहिली होती आणि बरी राहिली होती, असं आम्ही समजत होतो. मग एकदा मी गेले तर चुलीवर रिकामं भांडं तापत होतं आणि ती शेजारी बसून भात शिजायची वाट बघत होती. गोंदियातल्या डॉक्टरांनी तपासलं, घड्याळ काढायला सांगितलं, तीन वस्तूंची नावं लक्षात ठेवायला सांगितली. तिला एकही आठवलं नाही, पण ती इतकं गोड हसली की डॉक्टरही हसले. बाहेर आल्यावर त्यांनी मला आजाराचं नाव सांगितलं आणि हा परतणारा रस्ता नाही, असंही सांगितलं.

विसरणं झाकायची एक युक्ती तिने शोधून काढली होती. काहीही विचारलं तरी ती म्हणायची, "हव." आमच्याकडे हो म्हणायला हव म्हणतात. चहा घेतलास? हव. नाही घेतला? हव. नागपूरहून भाऊ फोन करायचा, "माय, बरी हायेस ना?" हव. तो मला म्हणायचा, "तू उगाच घाबरवतेस, छान बोलते की ती." ती एकच शब्द बोलायची, पण इतक्या ठामपणे की समोरच्याला पुढे काही विचारावंसंच वाटत नसे. मला मात्र तो शब्द ऐकला की चीड यायची. तिची नव्हे, त्या शब्दाची. आणि कधीकधी तिचीसुद्धा. तेही कबूल करते.

भातरोवणीचे दिवस सुरू झाले तशी ती खिडकीशी जाऊन बसू लागली. मुर्री गोंदियाला लागून असली तरी घरामागे अजून धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आहेत. चिखलणीचा ट्रॅक्टर फिरू लागला की ती उठून दाराची कडी चाचपायची. म्हणून रविवारी सकाळी मी तिला स्कूटीवर मागे बसवलं, ओढणीने माझ्या कमरेला बांधलं आणि कामठ्याच्या पुढे आमच्या गावी घेऊन गेले. तिला तेवढंच बरं वाटेल, मलाही शांतपणे पेपर तपासता येतील. खरं सांगायचं तर दुसरं कारण मोठं होतं.

घर बंदच असतं. दार उघडलं, पुढच्या सपरीत, ओसरीवर, खाट टाकून आईला बसवलं, तिच्या पायांवर चादर घातली आणि तिच्या शेजारीच स्टूल ओढून आदल्या दिवशी तासाला लिहून घेतलेले पेपर काढले. बारीक पाऊस होता. रस्त्याने रोवणीला जाणाऱ्या बायकांचे घोळके चालले होते, डोक्यावरून निळ्या-पिवळ्या मेणकापडाच्या खोळी घेतलेल्या. पहिल्या पेपरात 'एम्फसाइज्ड ऑन'. लाल शाईने खाली रेघ. दुसऱ्यात तेच. रेघ. तिसऱ्यात तेच, मग मी दोन रेघा ओढल्या आणि समासात उद्गारचिन्ह काढलं. असे नऊ पेपर झाले. दहावा हातात घेताना मान वर केली तर खाटेवर नुसती चादर होती.

पहिल्यांदा मी हाकच मारली. माझी हाक, म्हणजे अर्ध्या गावाला ऐकू गेली असेल. मागच्या बाडीत, परसात पाहिलं, विहिरीत वाकून पाहिलं, शेजारच्या दोन घरांत पाहिलं. त्यांना कुलपं होती, माणसं रोवणीला गेलेली. मग धावत आमच्या स्वतःच्या बांध्यांकडे गेले. त्या आम्ही अर्ध्या वाट्याने कसायला दिल्या आहेत. तिथली रोवणी आदल्या दिवशीच आटोपली होती आणि पाण्यात हिरवी टोकं तेवढी डुलत होती, चिटपाखरू नव्हतं. तिथून तलावाच्या पाळीवर. तलाव तुडुंब भरला होता, पाणी पार पाळीच्या काठापर्यंत आलं होतं. मी त्या पाण्याकडे पाहिलं. आईला पोहता येत नाही. आणि तलाव म्हणजे काय, हेही तिला त्या क्षणी आठवत असेल की नाही, कोण जाणे. पाळीवर कुठे चप्पल दिसते का ते मी शोधत होते आणि दिसू नये म्हणून मनातल्या मनात हात जोडत होते.

चप्पल दिसली नाही. मी ग्रामपंचायतीत गेले. पाण्याच्या टाकीवर भोंगा लावलेला आहे. शिपायाने माइक सुरू करून माझ्या हातात दिला. मला वाटलं, हे तर माझंच काम. एका पाठकोऱ्या कागदावर मुद्दे लिहिले आणि वर्गात बोलते तसं, प्रत्येक मुद्द्यावर जोर देत बोलले. वय सत्तरच्या पुढे. उंची बेताची. रंग सावळा. हिरवं लुगडं, काळा काठ. डाव्या हातावर गोंदण. कानात सोन्याची फुलं. पायात निळी चप्पल. विसरण्याचा आजार आहे. कृपया लक्ष द्या. कृपया ताबडतोब कळवा. माझा नंबर, दोनदा. हे सगळं मी तीन वेळा सांगितलं आणि तिसऱ्यांदा माझा आवाज फाटला.

कुणी आलं नाही. फोन वाजला नाही. एक म्हातारा पंचायतीच्या पायरीवर बिडी ओढत होता, त्याने एवढंच विचारलं, "टॅक्स भरून राह्यले का आज?" त्याला तरी काय बोलायचं? तो भोंगा रोजच काहीतरी ओरडत असतो. घरपट्टी, लसीकरण, ग्रामसभा, कुणाची शेळी हरवली. घंटागाडीचं गाणं त्याच्याही वरच्या पट्टीत. लोकांनी कान बंद करून घेतले आहेत आणि त्यात लोकांचं काही चुकलेलं नाही.

मी पंचायतीच्या पायऱ्या उतरले तेव्हा समोरून कोतवालबाबा येत होते.

हे गावचे जुने कोतवाल. आता काम सोडून बरीच वर्षं झाली, पण गाव अजून त्यांना कोतवालच म्हणतं. माझ्या लहानपणी भोंगा नव्हता, तेव्हा हेच मुनादी, म्हणजे दवंडी, द्यायचे. तलावाचं पाणी कधी सोडणार, तलाठी कधी येणार, गुरांना सुया कधी टोचणार, सगळं त्यांच्याकडून कळायचं. उन्हाळ्या-हिवाळ्यात डफडं, आणि पावसाळ्यात डफड्याचं कातडं ओल धरून बसतं म्हणून गोडेतेलाचा रिकामा डबा. आमच्या दारासमोर ते यायचे, डबा वाजवायचे, मोठ्याने म्हणायचे, "आयका हो आयका! उद्या तलावाचं पानी सुटन! पहिली पारी..." आणि इथे ते उभे राहायचे. डबा काखेत जायचा. पहिली पाळी कुणाची, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ते इतक्या हळू सांगायचे की घरात काही ऐकू येत नसे. मग आई हातातलं काम टाकून दाराशी धावायची. "काय मनलं जी?" ते पुन्हा सांगायचे, तितकंच हळू. शेजारणीही धावायच्या. मला तेव्हा वाटायचं, या माणसाच्या छातीत दम नाही, वाक्याच्या शेवटी वारा संपतो बिचाऱ्याचा. मी त्यांची नक्कलसुद्धा करायची आणि आईकडून मार खायची.

"बाई," ते म्हणाले, "भोंग्यावर तूच बोलली ना? बेस बोलली. पन काय सांगतलं, थे ध्यानात नाही राह्यलं."

मी भडकले. एरवी म्हाताऱ्या माणसाशी असं बोलले नसते. "बारा गोष्टी सांगितल्या, बाबा! तीन-तीनदा सांगितल्या!"

"मनूनच," ते म्हणाले. "एक सांग."

"एक काय? हिरवं लुगडं नेसलीय."

"सकारपासून सप्पा बाया मेनकापड घेऊन गेल्या. लुगडं कोनाले दिसते?"

"डाव्या हातावर गोंदण आहे."

"हात चिखलात असतीन, त गोंदन कायचं दिसन?"

"मग नाव. नाव विचारा म्हणावं."

"थे सांगन का आपलं नाव?"

पावसाचं पाणी माझ्या चष्म्यावरून खाली ओघळत होतं. त्यांनी घाई केली नाही. त्यांच्या शेजारी उभी असताना मला पहिल्यांदा जाणवलं की त्या सगळ्या मुद्द्यांमध्ये माझी आई कुठेच नव्हती. लुगडं होतं, कानातली फुलं होती, चप्पल होती. तिचा पत्ता तेवढा नव्हता.

"कोनाले भेटली, कोनं काही इचारलं, त थे काय मनन?" त्यांनी विचारलं.

"हव," मी म्हणाले. "काहीही विचारा, हव म्हणते. घरी चालली का विचारलं तरी हव, आणि बरी आहेस का विचारलं तरी हव. म्हणून तर लोक सोडून देतात तिला."

हे बोलले आणि मगच ते मला स्वतःला ऐकू आलं. वर्षभर मी या एका शब्दाबरोबर राहत होते, त्याच्यावर चिडत होते आणि कागदावर मुद्दे लिहिताना तोच लिहायचा राहून गेला होता. सकाळपासून आई कुणाकुणाला भेटली असणार. त्यांनी मायेने चौकशी केली असणार आणि हव ऐकून निर्धास्तपणे आपल्या वाटेला लागले असणार.

कोतवालबाबांनी मान हलवली. "बस. येवढंच सांगाचं." मग ते शेजारच्याच आपल्या घरात गेले आणि गोडेतेलाचा डबा घेऊन आले. तो अजून होता, कडेला गंजलेला.

गावात कुणी नव्हतंच, म्हणून आम्ही बांध्यांकडे निघालो. ते पुढे, मी मागे. ऐंशीच्या घरातला माणूस दोन बांध्यांमधल्या निसरड्या धुऱ्यावरून अनवाणी तरतरा चालत होता आणि मी चपला हातात घेऊन धडपडत होते. पहिल्या बांधीत दहा-बारा बायका वाकून रोवत होत्या. कोतवालबाबांनी डबा वाजवला, तीन ठोके. "आयका हो आयका! मास्तरीनबाईची माय सकारपासून घरून गेली! म्हातारी हाये! कोनाले भेटन..."

आणि ते थांबले. डबा काखेत. मीसुद्धा थांबले, कारण त्यांच्या थांबण्यात काहीतरी असं होतं की पाय पुढे पडेचना. मग ते अगदी हळू बोलले. घरातल्या माणसाशी बोलावं तसं.

"हव मनली तरी सोडू नोका."

बांधीतल्या साऱ्या पाठी एकदम सरळ झाल्या. "काय मनलं जी?" बायका चिखल तुडवत धुऱ्याजवळ आल्या, डोक्यावरची मेणकापडं मागे सारून. कोतवालबाबांनी पुन्हा तेवढंच सांगितलं, तेवढंच हळू. एकीने तोंडावर हात ठेवला. दुसरी म्हणाली, "हव मनली तरी." तिने ते वाक्य स्वतःशीच म्हणून पाहिलं, पुढे कुणाला तरी द्यायचं असल्यासारखं. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. पंधरा वर्षं मी जोर द्यायला शिकवत होते आणि जोर कशाला म्हणतात ते माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं, एका जुन्या कोतवालाच्या जवळजवळ न उमटलेल्या आवाजात. मला रडू येत होतं, आईसाठी आणि त्या आवाजासाठीही. त्यातलं कुठलं कशासाठी, ते आजही सांगता येणार नाही.

दुसऱ्या बांधीत तसंच झालं. तिसऱ्या बांधीत एक माणूस ट्रॅक्टरने चिखलणी करत होता, त्याने इंजिन बंद केलं, काय म्हटलं ते विचारलं आणि खिशातून फोन काढून कुणाला तरी लावला. त्याने फोनवर माझ्या आईचं वय सांगितलं नाही, लुगड्याचा रंग सांगितला नाही. इकडेतिकडे बघून, आवाज खाली घेऊन तो फक्त तेच वाक्य बोलला. सायकलवरून दुधाचे कॅन नेणारा एकजण थांबला, ऐकलं आणि उलट्या दिशेला वळला.

चौथ्या बांधीशी पोचलो. कोतवालबाबांनी डबा वाजवायला काठी उचलली, तोच आतून एका बाईने हात वर केला. "आमी आयकलं जी." मग दोन पावलं जवळ येऊन ती अगदी हळू म्हणाली, "हव मनली तरी सोडाचं नाही. थेच ना?"

वाक्य आमच्या आधी पोचलं होतं. नुसतं पोचलं नव्हतं, आपला हळू आवाज बरोबर घेऊन पोचलं होतं. मी कोतवालबाबांकडे पाहिलं. त्यांना त्याचं काहीच वाटलेलं दिसलं नाही. ते धुऱ्यावर उकिडवे बसून पायातला काटा काढत होते.

तिथेच माझा फोन वाजला. नंबर अनोळखी. नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पलीकडे रोवणी लावलेल्या टोळीची पुढारीण बोलत होती. माझा नंबर तिला कुणी दिला, मी विचारलंच नाही. ती म्हणाली, तिच्याकडे फोन आला, तेव्हा ती ओळीतल्या प्रत्येक म्हाताऱ्या बाईपाशी जाऊन विचारत गेली, "काकी, कोन्या गावची वो तू?" एकीने सांगितलं कामठा. दुसरीने तिला वेड्यात काढलं. तिसरी मान वर न करता म्हणाली, "हव."

"मंग मी इचारलं, घरी कोन कोन हाये?" ती फोनवर म्हणाली. "त मने, हव."

आम्ही नहर ओलांडून गेलो. धावत म्हणवत नाही, कारण दोनदा पडले. त्या बांधीत वीसेक बायका ओळीने वाकल्या होत्या, मागे मागे सरकत होत्या आणि त्यांच्या पुढ्यात हिरव्या टोकांच्या रांगा उठत होत्या. सगळ्यांच्या अंगावर मेणकापड. कडेपासून चौथी माझी आई होती. तिच्या डोक्यावर कुणीतरी निळी खोळ घातली होती. मी तिला चेहऱ्यावरून ओळखलं नाही, चेहरा दिसतच नव्हता. ओळखलं ते तिच्या बाजूला ती पुढारीण काम सोडून, कमरेवर हात ठेवून उभी होती म्हणून.

ती धुऱ्याशी आली नाही. तिथूनच बोलली. "सकारी वाटंत दिसली. आमच्यातल्या एकीनं इचारलं, काकी, रोव्याले येतं का? हव मने. दुसऱ्या टोलीची असन मनून घेतली. हात पाहून कोन मनन का हे इसरते?" मग थोडी थांबून म्हणाली, "तुमचं आयकल्यावर मी तिले थांबवलं नाही. लागलीच होती, त लावू देलं. पन बाजूनं हाललीबी नाही मी."

मी तोंड उघडलं. माझी नेहमीची हाक गळ्यापर्यंत आली होती. "माय!" असं ओरडले असते तर वीसच्या वीस बायका दचकल्या असत्या आणि तीही. हाक मी गिळली. चपला धुऱ्यावर ठेवल्या, सलवार वर खोचली आणि चिखलात उतरले. गुडघ्यापर्यंत पाय गेला. मी तिच्या शेजारी जाऊन वाकले आणि तिचे हात पाहिले.

सकाळी मी लहान मुलाच्या शर्टाची बटणं लावतात तशी तिच्या पोलक्याची बटणं लावून दिली होती. तेच हात. डाव्या हातात पऱ्ह्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, जुडी, उजव्या हाताची बोटं त्यातून तीन-चार काड्या वेगळ्या करत होती. बघत नव्हती, मोजत नव्हती. अंगठा चिखलात जायचा, काडी उभी राहायची, हात पुढे. एक पाऊल मागे. पुन्हा. तिच्या पुढ्यातली रांग डोळ्यांनी आखल्यासारखी सरळ होती आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या बायका आपापल्या रांगा तिच्या रांगेवरून लावून घेत होत्या. तीन वस्तूंची नावं न आठवणारी माझी आई सकाळपासून वीस बायकांना सरळ नेत होती.  

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. बाजूला कुणीतरी आलंय एवढं तिला कळलं असावं. जुडीतला अर्धा भाग तोडून तिने माझ्या हातात कोंबला. "सीधं लाव," ती म्हणाली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच ती मला हव सोडून दुसरं काही बोलली होती.

मी लावू लागले. मला येत नाही. शाळा, कॉलेज, बी.एड. करताना ते राहूनच गेलं. माझ्या चार काड्या लागल्या, तिरप्या, एक तर पाण्यावर तरंगायला लागली. आईने ते पाहिलं. रागावली नाही, हसली नाही. हात लांब करून तिने माझ्या चारही काड्या उपटल्या, पुन्हा लावल्या आणि आपल्या रांगेत परत गेली. त्यांच्याखाली रेघ नाही, समासात उद्गारचिन्ह नाही. सपरीत टाकून आलेले नऊ पेपर मला आठवले आणि मान आपोआप खाली गेली.

मी तिची रांग पूर्ण होऊ दिली. बायकाही थांबल्या. कोतवालबाबा धुऱ्यावर डब्यावर बसून होते. रांग संपली तेव्हा तिने पाठ सरळ केली, हात पाण्यात बुडवून धुतले आणि आता पुढे काय, अशा नजरेने इकडेतिकडे पाहिलं. हातातलं काम संपलं तसं तिच्या डोळ्यांतलं काहीतरी निघून चाललेलं मला दिसलं. मी तिच्या समोर गेले. डोक्यावरची निळी खोळ मागे केली. गालावर चिखलाचा शिंतोडा होता, तो पुसला.

विचारायचं नव्हतं. विचारून काय मिळणार, हे त्या अख्ख्या शिवारात माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तरी विचारलं. आणि विचारताना माझा आवाज इतका हळू निघाला की तो माझा वाटला नाही.

"माय, मी कोन? वळखलं का मले?"

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग ती हसली, डॉक्टरांकडे हसली होती तसंच, गोड.

"हव," ती म्हणाली.

मी तिचा हात धरला आणि घरापर्यंत सोडला नाही.